पाणी तानसाचे, देणे कोणाचे?

मुंबई महानगरपालिकेच्या पाणीपट्टीच्या देयकात पाण्याच्या आकाराची नोंद असते, मलनिस्सारणाच्या आकाराची असते, थकबाकीचीही असते. ज्या अरण्यांतून ते पाणी येते त्या अरण्यांचा उल्लेख मात्र त्यात कोठेही नसतो. गिरगावातील चाळीत, लालबागच्या नव्या मनोऱ्यात किंवा दादरच्या जुन्या सहकारी गृहसंस्थेत पहाटे नळाला येणारे पाणी ही पालिकेने पुरविलेली वस्तू आहे, आणि तिची किंमत म्हणजे ती उचलून, गाळून, वाहून आणण्याचा खर्च, अशी समजूत दीर्घकाळ रूढ आहे. ज्या वस्तूला किंमत नाही ती वस्तू हिशेबात येत नाही. आणि जी हिशेबात नाही तिचा ऱ्हास झाला तरी तो ताळेबंदात तोटा म्हणून दिसत नाही. मुंबईच्या पाण्यामागील राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्याबाबत नेमके असेच घडत आले आहे.

शहराला प्रतिदिनी सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी सात जलाशयांतून मिळते. त्यांपैकी विहार व तुळशी हे दोन बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. तानसा त्याच नावाच्या अभयारण्यात आहे. भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा हे उरलेले चार जलाशय ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ, झाडीच्या पट्ट्यात पसरलेले आहेत. सातांची मिळून साठवणक्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर भरते आणि तिचा निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. हे जलाशय भरतात चार महिन्यांत आणि शहर पाणी पिते बारा महिने. या दोन मुदतींमधील अंतर धरणाची भिंत भरून काढते, हे खरे. परंतु भिंतीमागे साचणारे पाणी गढूळ असावे की नितळ, जलाशय किती वर्षांत गाळाने भरावा, पावसाळा सरल्यावर ओढे किती दिवस वाहावेत, या गोष्टी डोंगरउतारावरील झाडांच्या मुळ्या ठरवितात. त्या मुळ्यांना पालिकेच्या अर्थसंकल्पात लेखाशीर्ष नाही.

संरक्षित क्षेत्र म्हटले की सामान्य मुंबईकराच्या डोळ्यांसमोर प्रथम वाघ उभा राहतो. यात त्याचा दोष नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेने परळ-लालबागच्या कित्येक पिढ्यांना वन्य प्राणी दाखविले ते पिंजऱ्यात. आणि पुढे हातात चार पैसे आल्यावर हाच मध्यमवर्ग ताडोब्याला जाऊन उघड्या जीपमधून तेच प्राणी मोकळे पाहू लागला. दोन्ही ठिकाणी नाते प्रेक्षकाचे आणि देखाव्याचेच राहिले. १९७२ सालच्या कायद्याच्या नावानेही या समजुतीला हातभार लावला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम हे त्याचे नाव. त्याखाली देशात आज शंभरांहून अधिक राष्ट्रीय उद्याने आणि पाचशेहून अधिक अभयारण्ये आहेत. महाराष्ट्रात ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, चांदोली आणि बोरिवली अशी सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. ही सारी व्यवस्था वाघ-बिबट्यांच्या नावाने चालत असली, तरी तिने जे प्रत्यक्षात राखले आहे ते पुष्कळदा नद्यांचे उगम आहेत. प्राणी हा कायद्याचा दर्शनी भाग म्हणावा. त्याच्या आडून पाणी आणि माती यांचे रक्षण होत असते.

मुंबईचा इतिहास तर याहून एक पाऊल पुढे जातो. येथे उद्यानामुळे पाणी राहिले असे म्हणण्यापेक्षा पाण्यामुळे उद्यान राहिले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शहर विहिरी आणि तलाव यांच्यावर जगत होते. सी. पी. टँक, धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी ही नावे त्या काळाची साक्ष देतात. त्या नावांमधील पाणी आज शोधूनही सापडणार नाही. (झाडांचीही तीच गत आहे. फणसवाडीत फणस नाही, चिंचपोकळीत चिंचांची राई नाही, ताडदेवचे ताड तर केव्हाच गेले. मुंबईच्या मध्यभागाचा वनस्पतिकोश आता केवळ बसथांब्यांच्या पाट्यांवर उरला आहे.) वाढत्या वस्तीला विहिरींचे पाणी पुरेना आणि पुरले तरी ते निकोप असेना. तेव्हा साष्टीच्या डोंगरातील विहारचे धरण बांधण्यात आले व १८६० साली ते पूर्ण झाले. तुळशी १८७९ साली त्याच्या जोडीला आले. या तलावांचे पाणलोट क्षेत्र नांगरापासून आणि वस्तीपासून मुक्त ठेवणे आवश्यक होते, म्हणून ती जमीन राखून ठेवण्यात आली. आणि पुढे त्या राखलेल्या जमिनीभोवतीच आजचे राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. आज त्याचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या जागेत पन्नासच्या आसपास बिबटे राहतात याचे जगभर कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. तथापि बिबट्याला हे अरण्य लाभले ते गिरगाव-भुलेश्वरच्या तहानेमुळे, हे विसरता कामा नये.

निसर्गसंरक्षणाची कल्पना परकी, गोऱ्या शिकाऱ्यांच्या पश्चात्तापातून आलेली, असे एक मत अधूनमधून मांडले जाते. त्यात तथ्यांश आहे. परंतु १५ सप्टेंबर १८८३ रोजी ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली त्यांत दोन डॉक्टर या मातीतील होते : प्रार्थना समाजाचे एक संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. पक्ष्यांच्या अभ्यासाला वाहून घेतलेले सालिम अली यांचे बालपण गेले ते खेतवाडीत. समाजसुधारणा, वैद्यक आणि निसर्गाभ्यास ही तीन कार्ये या शहराच्या पहिल्या सुशिक्षित पिढीला परस्परांपासून वेगळी वाटत नव्हती. आज ती वेगळी वाटतात, यात शिक्षणाची प्रगती किती आणि संकोच किती, हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे.

संरक्षणाचे मोल मोजायचे तर राखलेल्या आणि न राखलेल्या जमिनीची तुलना करावी लागते. ती संधी मुंबईत आयतीच उपलब्ध आहे. विहारच्या खालच्या अंगाला पवईचा तलाव आहे. तोही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्यासाठीच बांधला गेला. एका खोऱ्याचा पाणलोट राखला गेला, दुसऱ्याच्या काठावर यथावकाश वस्ती, रस्ते आणि उंच इमारती आल्या. विहारचे पाणी दीडशेहून अधिक वर्षे शहर पीत आहे. पवईचे पाणी पिण्याच्या कामी येत नाही. ते उद्योगांना आणि आरे वसाहतीला दिले जाते, आणि तलावात दरवर्षी सांडपाणी व जलपर्णी यांच्याशी झुंज चालू असते. पवईचे पाणी प्रारंभापासूनच हलक्या प्रतीचे मानले गेले होते, त्यामुळे सारा दोष वस्तीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु आज तो तलाव सुधारण्यावर होणारा खर्च आणि विहारच्या डोंगरावर न होणारा खर्च यांतील तफावत ही अरण्याने पालिकेला दरसाल दिलेली देणगीच होय. देणगीचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

येथे गिरणगावाचे एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणाविरुद्ध १९९५ साली उच्च न्यायालयात गेलेली बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था आणि गिरण्यांच्या जमिनींबाबत दहा वर्षांनी न्यायालयाचे दार ठोठावणारी संस्था एकच. १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी अशी वाटणी केली होती. २००१ साली त्या नियमात असा बदल झाला की वाटणी सर्व जमिनीची न होता बांधकाम नसलेल्या जमिनीचीच व्हावी. गिरणीत रिकामी जमीन ती किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये संस्थेच्या बाजूने कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरविला आणि लालबाग-परळच्या वाट्याला यावयाची मैदाने व बागा कागदावरच राहिल्या. बोरिवलीत मात्र त्याच संस्थेच्या अर्जावर १९९७ साली उद्यान मोकळे करण्याचे आदेश निघाले आणि उद्यान वाचले. एका ठिकाणी यश व दुसरीकडे अपयश असे का व्हावे, याची कायदेशीर कारणे वेगळी असतील. अर्थशास्त्रीय कारण उघड आहे. बोरिवलीची जमीन कायद्याने बाजाराबाहेर काढलेली होती. गिरणगावाची जमीन बाजारातच होती, तिच्या एका हिश्शावर लोकहिताचा एक बोजा तेवढा होता. आणि ज्या शहरात जमिनीची किंमत दर पिढीत अनेक पटींनी वाढते तेथे असा बोजा एका शब्दाच्या दुरुस्तीने उतरविता येतो. राष्ट्रीय उद्यान या संस्थेचा खरा अर्थ हाच आहे. जमिनीचा एक तुकडा खरेदी-विक्रीच्या पलीकडे नेऊन ठेवण्याची ती युक्ती आहे, आणि जेथे जमीन सर्वांत महाग तेथेच तिची गरज सर्वांत अधिक असते.

मात्र या युक्तीला एक काळी बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून संरक्षणाचा कैवार घेणे हे पांढरपेशा मनाचे जुने दुखणे आहे. १९९७ च्या आदेशानंतर उद्यानातील हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असणाऱ्यांना पर्यायी घरासाठी सात हजार रुपये भरावयास सांगण्यात आले. प्रथम जागा दाखविली ती कल्याणच्या बाजूला, रोजगारापासून कोसभर नव्हे तर दिवसभराच्या अंतरावर. पुढे चांदिवलीची घरे आली, तीही पुष्कळांना वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर. आणि या साऱ्यांच्या आधीपासून, उद्यानाच्या रेषा आखल्या जाण्यापूर्वीपासून डोंगरात राहणारे वारली, मल्हार कोळी आणि इतर आदिवासी यांच्या पाड्यांनाही 'अतिक्रमण' या एकाच शब्दाने मोजण्याचा मोह यंत्रणेला होत राहिला. १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले तेव्हा तेथील मूळ रहिवाशांना असेच बाहेर ठेवण्यात आले होते. त्या नमुन्याबरोबर त्यातला अन्यायही जगभर गेला. हिंदुस्थानात २००६ सालच्या वनहक्क कायद्याने ही चूक काहीशी दुरुस्त केली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि माणूस आत असूनही जंगल राहू शकते हे त्या गावाने दाखवून दिले. तेव्हा जंगल हवे तर माणूस नको, हे गणित आता कोणी मांडू नये.

मुंबईच्या पाण्याच्या संदर्भात हा प्रश्न बोरिवलीहून अधिक तीव्रतेने उभा राहतो तो शहापुरात. विहार व तुळशी यांचा आजच्या एकूण साठ्यातील वाटा जेमतेम अडीच टक्के आहे. खरा भार उचलला आहे तो तानसा, वैतरणा आणि भातसा यांच्या खोऱ्यांनी. तानसाचे धरण १८९२ सालचे. अभयारण्य जाहीर झाले १९७० साली. त्याचे क्षेत्र तीनशे चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. अभयारण्य झाले की रस्ता, वीजवाहिनी, खाण, कारखाना, चराई या प्रत्येक गोष्टीवर निर्बंध येतात. ते यावेतही. परंतु निर्बंधाचा अर्थ असा की तेथील माणसाने काही उत्पन्न सोडून द्यावयाचे, आणि त्या त्यागाचा लाभ शंभर किलोमीटरवर राहणाऱ्या शहराला व्हावयाचा. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. शहापूर-मोखाड्यात त्याला निराळे नाव आहे. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तेथे अलंकार म्हणून वापरली जात नाही. ज्या तालुक्यातून मुंबईच्या जलवाहिन्या निघतात त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात, ही बातमी मराठी वृत्तपत्रे दर एप्रिल-मे महिन्यांत इतक्या नियमाने छापतात की ती आता बातमी वाटेनाशी झाली आहे.

या अन्यायात भर घालणारी एक योजना पालिकेच्या दप्तरी आहे. वाडा तालुक्यातील ओगदा येथे गारगाई नदीवर धरण बांधून मुंबईला दररोज ४४० दशलक्ष लिटर पाणी आणावयाचे अशी ती योजना. तिचे बुडीत क्षेत्र तानसा अभयारण्यात येते. काही गावे उठतील आणि झाडे जातील ती लाखांच्या हिशेबात. वृक्षतोडीच्या कारणानेच ही योजना एकदा बाजूला ठेवण्यात आली होती; ती पुन्हा पुढे आली आहे. शहर वाढते आहे, परळ-लालबागला जेथे दोन मजली चाळी होत्या तेथे पन्नास-साठ मजली मनोरे उभे आहेत, त्यांना पाणी कोठून द्यावयाचे, असा प्रश्न योजनेचे समर्थक करतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र आधी घरातच शोधावयास हवे. मुंबईत येणाऱ्या पाण्यापैकी गळती आणि चोरी यांत जाणाऱ्या पाण्याचे जे अंदाज वेळोवेळी सांगितले जातात ते पाव हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून वरचे आहेत. पाव हिस्सा धरला तरी दररोज साडेनऊशे दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी होते. म्हणजे दोन गारगाई धरणे भरून वर काही उरेल एवढे. सारी गळती कोणत्याही शहराला थांबविता येत नाही, हे मान्य. निम्मी थांबविली तरी गारगाईची गरज तूर्त तरी संपते. जुन्या बेटावरील, म्हणजे गिरगाव ते परळ या भागातील, वाहिन्यांचे जाळे ब्रिटिश अमदानीपासूनचे आहे. ते बदलण्याचे काम चालू असते, पण ते धरणाइतके दिसत नाही. धरणाचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते, त्याला नाव देता येते. भुयारातील फुटकी वाहिनी बदलली तर त्यासाठी कोणी नारळ फोडीत नाही. सार्वजनिक गुंतवणुकीच्या निर्णयांत या साध्या मानवी दौर्बल्याचा वाटा केवढा मोठा असतो, हे पाठ्यपुस्तकांत पुरेसे लिहिलेले नसते.

याचा एक उलगडा दरपत्रकातही आहे. निवासी इमारतींना पालिका हजार लिटर पाणी सहा-सात रुपयांच्या घरात देते. दादर स्थानकाबाहेर वीस रुपयांना पाण्याची एक बाटली मिळते. तेवढ्या पैशांत पालिका त्याच माणसाच्या घरी सुमारे तीन हजार लिटर पाणी पोहोचविते. गरिबाला पाणी स्वस्तच मिळाले पाहिजे, त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु मोटारी धुण्यासाठी आणि विसाव्या मजल्यावरील पोहण्याच्या तलावासाठीही अरण्याचे मोल शून्यच धरावे, याला कोणते तत्त्व लागू पडते? येथे एक माफक सूचना करता येईल. प्रत्येक हजार लिटरमागे एक रुपया एवढा 'अरण्य उपकर' पाणीपट्टीत घालावा. गळती वजा जाता प्रत्यक्ष पोहोचणारे पाणी दिवसाला २,९०० दशलक्ष लिटर धरले, तर वर्षाला शंभर कोटी रुपयांहून थोडी अधिक रक्कम जमते. झोपडपट्ट्यांना यातून पूर्णपणे वगळावे. रक्कम कमी होईल, पण बिघडणार नाही. पाच माणसांच्या, माणशी १३५ लिटर वापरणाऱ्या कुटुंबाला महिन्याला सुमारे वीस रुपये पडतील. दादर स्थानकाबाहेरची ती एक बाटली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पालिका श्रीमंत आहे, तिने हे आपल्या तिजोरीतून द्यावे. २०२५-२६ साली तिचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता. त्यात शंभर कोटी म्हणजे शंभर रुपयांत चौदा पैसे. देता येतील, यात शंका नाही. परंतु तिजोरीतून दिलेली रक्कम ही कृपा असते. पुढच्या वर्षी काटकसरीची लाट आली की पहिली कात्री तिलाच लागते. देयकावर छापलेली रक्कम हे देणे असते, आणि ती भरणाऱ्याला निदान तिचे कारण विचारण्याचा अधिकार मिळतो. लालबागच्या रहिवाशाने 'हा तानसाचा रुपया गेला कोठे?' असे विचारू लागावे, हाच त्या उपकराचा अर्धा लाभ होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पैसा जमेल, पण पोहोचेल काय? अनुभव निराशाजनक आहे. विकासकामांसाठी तोडलेल्या वनांच्या भरपाईची रक्कम देशभर जमा होत राहिली. ती कशी खर्च करावी याचा कायदा व्हावयास २०१६ साल उजाडले, आणि तोवर साठलेली रक्कम चाळीस हजार कोटी रुपयांच्या घरात गेली होती. झाडे तोडली गेली होती आणि पैसा बँकेत वाढत होता. म्हणून मुंबईचा अरण्य उपकर राज्याच्या एकत्रित निधीत जाता कामा नये. पाणलोट क्षेत्रातील ग्रामसभांना तो थेट मिळाला पाहिजे, आणि त्यातील पहिला खर्च त्या पाड्यांच्या पिण्याच्या पाण्यावर झाला पाहिजे. त्यानंतर वणवा रोखणे, उतारावरील माती धरणे, गस्त घालणे ही कामे गावकऱ्यांनी मजुरीवर करावीत. वनखात्याने देखरेख करावी, मालकी गाजवू नये. न्यूयॉर्क शहराने १९९७ साली कॅटस्किल डोंगरातील गावांशी याच धर्तीचा करार केला. अनेक अब्ज डॉलरचे गाळणी केंद्र उभारण्यापेक्षा वरच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांना आणि गावांना पैसे देऊन पाणी उगमाशीच स्वच्छ राखणे शहराला स्वस्त पडले. इक्वेडोरच्या किटो शहराने २००० साली पाण्याच्या ग्राहकांकडून निधी उभारून तेच केले. किटो काही श्रीमंत शहर नव्हे. शहापूरची परिस्थिती कॅटस्किलसारखी नाही, तेथील शेतकऱ्यांपाशी जमिनीचे निर्वेध कागद होते आणि येथे वनहक्काचे दावेच वर्षानुवर्षे रेंगाळतात. त्यामुळे उपकराआधी किंवा निदान त्याच्याबरोबर ते दावे निकालात काढावे लागतील. पैसे कोणाला द्यावयाचे हे ठरल्यावाचून पैसे देता येत नाहीत.

पाण्याच्या प्रश्नापलीकडेही मध्य मुंबईच्या दाराशी संरक्षणाची एक कसोटी उभी आहे. शिवडीच्या किल्ल्याखालच्या चिखलात १९९०च्या दशकापासून हिवाळ्यात रोहित पक्षी हजारोंच्या संख्येने उतरू लागले. परळहून चालत जाण्याच्या अंतरावर निसर्गाचे एवढे वैभव पाहावयास मिळावे, ही या कळकट औद्योगिक पट्ट्याला अनपेक्षितपणे लाभलेली गोष्ट होती. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. मात्र अभयारण्य आहे ते ऐरोली-वाशीच्या बाजूला; ज्या चिखलामुळे मुंबईकरांना या पक्ष्यांची ओळख झाली तो शिवडी-माहुलचा पट्टा त्याच्या सीमेबाहेरच राहिला. त्याच शिवडीतून न्हावा-शेवाकडे जाणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. पूल आवश्यक होता की नव्हता या वादात आता शिरण्यात अर्थ नाही. तो झाला आहे, आणि पक्ष्यांनी त्याच्याशी काही प्रमाणात जुळवूनही घेतले आहे. पुढचे संकट पुलाचे नाही, पुलाने वाढविलेल्या जमिनीच्या किमतीचे आहे. बंदराची जुनी गोदामे, शिवडी-वडाळ्याची मोकळी मैदाने आणि त्यांना लागून असलेली खाजण-खारफुटी यांच्याकडे बांधकामाचा पैसा कोणत्या नजरेने पाहतो, हे गिरण्यांचा इतिहास ठाऊक असलेल्या लालबागकराला सांगावयास नको.

शिवडीचा एक सोयीचा भाग असा की बंदरालगतची ती जमीन बहुतांशी बंदर प्राधिकरणाची, म्हणजे सार्वजनिकच आहे. तिला संरक्षण देण्यासाठी सरकारला मोठी खासगी जमीन विकत घ्यावी लागणार नाही, कोणाचे घर पाडावे लागणार नाही; तेथील कोळ्यांचा मासेमारीचा हक्क अधिसूचनेतच नमूद करून अबाधित ठेवता येतो. वन्यजीव कायद्यात २००२ सालच्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव क्षेत्र' हा एक मधला प्रकार आणला आहे तो अशाच जागांसाठी : सरकारी मालकीची जमीन, आसपास माणसांची वस्ती, आणि निर्बंध अभयारण्याहून सौम्य. माहीमच्या खाडीकाठी एकेकाळी शहराचा कचरा जेथे ओतला जाई त्या जागेवर १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले, धारावीच्या मुलांना आज तेथे झाडांची सावली मिळते. तेथे कचऱ्यातून वन उभारावे लागले, झाड न् झाड लावावे लागले. शिवडीत काहीही उभारावयाचे नाही. भरती-ओहोटी आपले काम करीत आहे आणि पक्षी दर हिवाळ्यात येत आहेत. बंदर प्राधिकरणाची संमती आणि राज्य शासनाची अधिसूचना एवढेच कागद बाकी आहेत, आणि ते बंदराच्या जमिनींचे नवे आराखडे पक्के होण्याच्या आधी निघावे लागतील.